तुतीचा ठोकळा चोरीला गेला नव्हता

पुरवणी जबाब

नाव : पहिल्या जबाबात लिहिले आहे तेच. ओळखीचे नाव : दादा कातारी. वय : एकोणसाठ वर्षे. धंदा : लेथवर लाकूड कातणे. राहणार : पाण्याच्या टाकीमागची गल्ली, खाली दुकान, वर घर.

मी कोणी बोलावले नसताना आज स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी माझ्या पत्नीसह राहतो. आम्हाला मूलबाळ नाही. मला एक धाकटा भाऊ आहे. गिऱ्हाइके त्याला मुका म्हणतात. तो मुका नाही, कमी बोलतो. आमचा लेथ चालू असला की भाऊजींपेक्षा जास्त बोलतो, असे माझी पत्नी म्हणायची आणि तो हसायचा. तो बाजाराच्या पलीकडे पत्नी व कॉलेजात शिकणाऱ्या मुलीसह राहतो. वडिलांच्या पश्चात आम्ही दोघांनी दुकान एकत्र चालवले. गेल्या उन्हाळ्यापासून तो दुकानात नाही.

मागच्या आठवड्यात याच टेबलासमोर बसून मी तक्रार दिली होती की, माझ्या दुकानातील तुतीच्या लाकडाचा ठोकळा भावाने चोरला आणि त्याचा वाडगा कातून प्रदर्शनात मांडला. ती तक्रार खोटी आहे. जाणूनबुजून खोटी दिलेली नव्हती. देताना मला ती पूर्ण खरी वाटत होती. या दोन गोष्टींत कायद्याने किती फरक आहे ते मला माहीत नाही. माझ्या भावाच्या दृष्टीने काही फरक नाही.

पहिल्या जबाबात ठोकळ्याची माहिती नीट आलेली नाही, कारण तेव्हा येथील दोघांना हसू आवरत नव्हते. त्यांच्यापैकी एकाने मला विचारले होते की, काका, सडकं लाकूड चोरीला गेलं म्हणता, मग कचऱ्याच्या डब्याची तक्रार कधी देताय. त्या वेळी मला राग आला होता. आज तेच बरोबर वाटते. तरी लाकूड काय होते ते सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे कळणार नाही.

आमचे वडीलही कातारी होते. धाकटा जन्मला त्या वर्षी त्यांनी दुकानामागच्या मोकळ्या जागेत तुतीचे झाड लावले. वडील गेल्यानंतर ते झाड एका वादळात पडले. खोडाला मोठी गाठ होती. ती मी कापून भिंतीलगत ठेवली, आणि वर छप्पर नसल्यामुळे ती काही वर्षे ओल्या मातीवर पडून राहिली. तिला बुरशी लागली. बुरशीने लाकूड आतून खाल्ले की त्यात काळ्या रेघा उमटतात, बारीक टाकाने काढल्यासारख्या. अशा रेघा माणसाला काढता येत नाहीत. पण लाकूड इतके भुसभुशीत होते की त्यात नख रुतते. ते लेथवर लावले तर पटाशी टेकताच तुकडे उडतात.

असे लाकूड वाचवायचे तर त्यात रेझिन, म्हणजे तापवले की घट्ट होणारे पातळ रसायन, भरावे लागते. आधी लाकूड छोट्या ओव्हनमध्ये पूर्ण सुकवायचे. वजन उतरायचे थांबले की सुकले असे समजायचे. मग ते झाकणाच्या जाड भांड्यात ठेवून, तरंगू नये म्हणून वर वजन ठेवून, ते बुडेपर्यंत रेझिन ओतायचे आणि पंपाने भांड्यातली हवा ओढून घ्यायची. लाकडाच्या आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, वर फेस चढतो. बुडबुडे थांबेपर्यंत पंप चालू ठेवायचा. नंतर हवा परत आत सोडली की जिथे हवा होती तिथे रेझिन शिरते. लाकडाला पोटभर पिऊ द्यायचे. मग बाहेर काढून, चांदीच्या कागदात गुंडाळून, परत ओव्हनमध्ये ठेवायचे. उष्णतेने रेझिन आतल्या आत घट्ट होते. भाकरीसारखे चुरणारे लाकूड दगडासारखे होते आणि रेघा जशाच्या तशा राहतात.

यात एकच गोष्ट सांभाळायची असते. लाकूड ओले असता कामा नये. ओलावा असला की रेझिन आत शिरत नाही, वरून घट्ट दिसते आणि मध्ये पोकळ राहते. हे आम्ही दोघे झोपेतही विसरणार नाही, असे मी नेहमी म्हणायचो.

गेल्या उन्हाळ्यात एका हॉटेलच्या आचाऱ्याने सुऱ्यांच्या मुठींसाठी लाकूड दिले होते. त्या मुठी तयार होऊन गेल्या आणि काही दिवसांत त्याच्या हातात मोडल्या. आतून ओल्या होत्या. आचारी दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर बोलला. मी तेथेच भावाला सांगितले की सुकवायचे काम तुझे होते. तो म्हणाला, "दादा, त्या दिवशी मी नव्हतो." मी म्हणालो, खोटे बोलू नकोस. मी त्याला दुकानातून जायला सांगितले. त्याने आपल्या पटाश्या पुसल्या, कापडात गुंडाळल्या आणि गेला. तो त्या दिवशी दुकानात नव्हता हे आता मला पत्नीकडून कळले आहे. मुलीच्या कॉलेजात प्रवेशासाठी गेला होता. रजा त्याने माझ्याकडूनच घेतली होती.

आता प्रदर्शनाबाबत. सभागृहात लाकडी वस्तूंचे प्रदर्शन दरवर्षी भरते. या वर्षी मी टेबल घेतले नव्हते. घ्यायचे राहून गेले. बघायला म्हणून दुपारी गेलो. पत्नी गावात नव्हती, तिच्या बहिणीचे ऑपरेशन झाले होते म्हणून तिकडे गेली होती. भावाचे टेबल खिडकीशेजारी होते. टेबलाच्या मधोमध एक वाडगा होता. त्याचा काठ इतका पातळ होता की खिडकीचा उजेड त्यातून दिसत होता. एका बाजूला किड्याचे भोक होते, ते त्याने बुजवले नव्हते. मी वाडगा उचलला आणि रेघा ओळखल्या.

मी त्याला विचारले, "हे लाकूड कुठलं?"

तो म्हणाला, "बाबांच्या झाडाचं."

"ते माझ्या दुकानात होतं."

"हो."

"मग इथं कसं आलं?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. काहीतरी शोधत असल्यासारखा बघत होता. चोरी पकडली गेली की माणूस असा बघतो, असे मला तेव्हा वाटले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, घरी जाऊन बोलू." मी मोठ्याने म्हणालो, चोराशी घरी काय बोलायचं. सभागृह भरलेले होते. त्याची मुलगी टेबलामागे वस्तूंना कागद गुंडाळत होती. तिने हातातले काम थांबवले नाही, पण कागद फाटला.

मी तेथून सरळ या ठाण्यात आलो व तक्रार दिली. दोन पोलीस माझ्याबरोबर सभागृहात आले. त्यांनी वाडगा ताब्यात घेतला आणि भावाला बरोबर चलायला सांगितले. त्याने जाताना टेबलावरचे कापड सरळ केले. दारापर्यंत लोक बाजूला सरकून वाट देत होते. मी त्याच्या मागून चाललो होतो. मला बरे वाटत होते. हे लिहून घ्यावे.

ठाण्यात त्याला ठोकळा कोठून आणला असे विचारण्यात आले. त्याने उलट विचारले, दादा काय म्हणतो. त्याला माझा जबाब सांगितला. तो म्हणाला, "मग तसंच लिहा." साहेबांनी विचारले, म्हणजे चोरी कबूल आहे का. तो म्हणाला, कबूल काही नाही, दादाचं जे आहे ते लिहा. संध्याकाळपर्यंत तो बाहेरच्या बाकावर बसून होता. नंतर बोलावू तेव्हा हजर राहण्याचे लिहून घेऊन त्याला घरी सोडले. वाडगा मुद्देमाल म्हणून येथे ठेवला. मी घरी जाऊन जेवलो. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या लोकांनी भावाच्या वस्तू टेबलाखाली ठेवल्या व टेबल चादरीने झाकले, असे मला नंतर कळले.

माझी पत्नी परत आली तेव्हा मी तिला दारातच सर्व हकीकत सांगितली. थोडे तिखटमीठ लावून सांगितली. पिशवी तिच्या खांद्यावरच होती. मी थांबल्यावर ती म्हणाली, "अहो, तो ठोकळा तुम्हीच दिलात भाऊजींना. माझ्या डोळ्यांदेखत दिलात."

मी म्हणालो, काहीतरी बरळू नकोस. ती म्हणाली की थंडीत दिला. मी तिला बोलू नये ते बोललो. तिने आयुष्यभर दिराचीच बाजू घेतली असेही म्हणालो. बाकीचे येथे सांगत नाही. तिने पिशवी खाली ठेवली, किल्ली घेतली आणि जिना उतरून दुकानात गेली. मी मागून गेलो. तिने स्टूल घेऊन वरच्या फळीवरचे पॉलिशचे डबे बाजूला केले आणि मागून चांदीच्या कागदातले एक पुडके काढून माझ्या हातात दिले.

पुडके माझ्या हातचे होते. भाऊ कागदाची टोके पिळतो, गोळीच्या कागदासारखी. मी टोके आत दुमडतो, कड दोनदा वळवतो आणि अंगठ्याने दाबत नेतो. अंगठ्याचे ठसे कागदावर होते. मी ते उघडले. आत तुतीचा अर्धा ठोकळा होता, रेझिन भरून भाजलेला. मी नख रुतवून बघितले, रुतले नाही. एका टोकाला करवतीचा काप होता आणि त्या कापावर त्याच काळ्या रेघा अर्ध्यावर तुटलेल्या होत्या. मी तो लेथवर लावून थोडा कातून बघितला. भुसा कोरडा निघाला, कुठेही ओल नव्हती. काम चांगले झाले होते. मी केलेले होते. मला ते केल्याचे आठवत नव्हते.

तरीही मी पत्नीला म्हणालो की मग दुसरा अर्धा त्याने उचलून नेला असेल. हेही लिहून घ्यावे. एवढे समोर असूनही मी तेच म्हणालो.

त्यावर ती स्टुलावर बसली व तिने मला पुढील हकीकत सांगितली. थंडीत एका सकाळी मी स्वतः भावाला फोन केला. ये, बाबांची तुती काढू, असे म्हणालो. तो आंघोळीहून तसाच, ओल्या केसांनी आला. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी करवत धरून गाठीचे दोन ठोकळे केले. लाकूड सुकेपर्यंत तो रोज येत होता. आम्ही दोघे आळीपाळीने ठोकळे वजनाला लावायचो आणि एकमेकांवर विश्वास नसल्यासारखे परत लावायचो, आणि हसायचो. पंप लावला त्या दिवशी आम्ही भांड्यासमोर बसून बुडबुडे बघत होतो. पत्नीने चहा आणला तो तसाच गार झाला. ती म्हणाली, दोन म्हातारी पोरं मासे बघत बसल्यासारखे बसला होतात. त्या वेळी मी भावाला म्हणालो, "त्या मुठी तू खराब केल्या नव्हत्यास. मी केल्या. मला माफ कर." तो उठून मागच्या नळावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. ठोकळे भाजून झाल्यावर मी एक त्याला दिला. एक तुझा, एक माझा, असे म्हणालो. माझा मी वर ठेवला, तुझा कातून झाला की तो बघून माझा कातीन, म्हणून.

यातले मला काहीही आठवत नाही. मी माफी मागितली होती हे मला ऐकून कळले. ती मागताना मला कसे वाटले असेल याचा मी पुष्कळ विचार केला. काही सापडले नाही.

हे टंकताना येथील अंमलदार बाईंनी मला विचारले की, तुम्हाला आठवत नाही ते तुमच्या जबाबात कसं घेऊ. मी म्हणालो, पत्नी सांगते असे लिहा. त्या म्हणाल्या, मग तो त्यांचा जबाब झाला, त्यांचा वेगळा घेऊ. माझी पत्नी बाहेर बसली आहे, तिचा वेगळा घ्यावा. पण माझ्याही जबाबात ते असू द्यावे. ते माझ्याच बाबतीत घडले आहे.

पत्नीने पुढे सांगितले की, त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाऊ सहज दुकानात आला. मी त्याला दारातूनच म्हणालो, मुठी नासवून परत तोंड घेऊन आलास का. तो परत गेला. जिन्यात पत्नी भेटली, तिला म्हणाला, वहिनी, दादाला आठवत नाहीये. तेव्हापासून त्या दोघांना माहीत होते. दोघांनी मला सांगितले नाही. पत्नीने मला तिच्या गुडघ्यांचे निमित्त करून दवाखान्यात नेले होते. गुडघे तिचे होते आणि प्रश्न डॉक्टर मला विचारत होते. आज वार कोणता, मघाशी सांगितलेले तीन शब्द कोणते. मी रागाने उठून आलो होतो. हे मला आठवते. शब्द आठवत नाहीत.

तसेच भाऊ रोज संध्याकाळी कामावरून घरी जाताना आमच्या गल्लीतून वळसा घालून जात होता, असे ती म्हणाली. दुकानाच्या मागच्या खिडकीतून ओव्हनचा लाल दिवा दिसतो. तो चालू राहिलेला दिसला की तिला फोन करायचा. असा फोन बऱ्याचदा आला होता. ती मला काही न सांगता खाली जाऊन बटण बंद करून यायची. मी समजत होतो की ती दुकानाचा केर काढायला जाते.

त्यानंतर पत्नीला बरोबर घेऊन मी भावाच्या घरी गेलो. भावजयीने दार उघडले. आत या म्हणाली नाही, पण दार लावलेही नाही. भाऊ आतल्या खोलीत जमिनीवर बसून एका डबीचे झाकण घासत होता. मी उभ्यानेच त्याला जे सांगायचे ते सांगितले. काय सांगितले ते येथे देत नाही. तो म्हणाला, "बस." मी बसलो. माझी पुतणी पाणी घेऊन आली. तिने तांब्या माझ्या पत्नीपुढे ठेवला आणि आत गेली. पत्नीने तो माझ्याकडे सरकवला. मी पाणी घेतले नाही.

मी भावाला विचारले की तुला सर्व माहीत होते तर तू सभागृहात का बोलला नाहीस, ठाण्यात तरी का बोलला नाहीस. वहिनी साक्षीला होती, एका शब्दात सुटला असतास.

त्याने झाकण खाली ठेवले. तो म्हणाला, "काय सांगायचं होतं, दादा? सगळं गाव उभं होतं तिथं. मला चोर म्हणाले तर उद्या खरं कळेल आणि ते पुसून जाईल. पण तुझं डोकं चालत नाही असं मी तिथं म्हटलं असतं, तर ते कुणी पुसलं असतं? दुसऱ्या दिवशी तुझ्या दुकानात कोण आलं असतं?"

त्याने एका वेळी एवढे बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले. मी त्याला विचारले की मी पुन्हा असे केले तर. तो म्हणाला, करशील. आणि झाकण परत घासायला घेतले. थोड्या वेळाने त्याने ते माझ्याकडे दिले आणि पॉलिशपेपरचा तुकडा दिला. आम्ही दोघे घासत बसलो. निघताना भावजय दारापर्यंत आली. माझ्या पत्नीचा हात धरून काहीतरी बोलली. माझ्याशी बोलली नाही. तिने बोलावे अशी माझी अपेक्षा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा सभागृहात गेलो. जिथे चोर म्हटले तिथेच उलटे सांगायचे असे ठरवले होते. प्रदर्शन आदल्या दिवशीच संपले होते. टेबले दुमडून भिंतीला लावली जात होती. मी आयोजकांना सांगितले की माझी चूक झाली, ठोकळा मीच दिला होता, माझा भाऊ चोर नाही. ते म्हणाले, ठीक आहे काका, गैरसमज होतात, मनाला लावून घेऊ नका. मी म्हणालो, सगळ्यांना बोलवा, मला सगळ्यांसमोर सांगायचे आहे. ते म्हणाले, आता कोण आहे. टेबले उचलणारे हमाल होते आणि एक जण दिव्यांच्या वायरी गुंडाळत होता. मी त्यांना थांबवून सांगितले. डोके चालत नाही हेही माझ्या तोंडाने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. एक हमाल बरं म्हणाला. मग ते कामाला लागले. ज्यांनी वाट देताना भावाकडे बघितले होते त्यांच्यापैकी तिथे कोणीही नव्हते. ते आता कोठे भेटतील ते मला माहीत नाही.

जाता जाता आयोजक म्हणाले की, तुमचा भाऊ त्या वाडग्याबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, हा आम्हा दोघांचा आहे, लाकूड दादाने जिवंत केले, मी फक्त कातले. असे तो मी तेथे पोचण्याआधी सकाळपासून सांगत होता.

भावाने प्रदर्शनात तो वाडगा का मांडला, हे मी त्याला विचारले नाही. मी बघायला येईन आणि मला आठवेल असे त्याला वाटले असावे, असा माझा अंदाज आहे. अंदाज जबाबात चालत नसेल तर काढून टाकावा.

सबब माझी विनंती की, माझी तक्रार रद्द करावी. खोट्या तक्रारीबद्दल माझ्यावर जी कारवाई होत असेल ती मला मान्य आहे. तसेच वाडगा माझ्या ताब्यात न देता भावाच्या ताब्यात द्यावा. आज तो मला दाखवला तेव्हा त्यात टाचण्या ठेवलेल्या होत्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाडगा काही ठेवण्यासाठीच असतो. फक्त त्यावर चिकटवलेली मुद्देमालाची चिठ्ठी ओरबाडून काढू नये, भावाला काढू द्यावी. तो आज माझ्याबरोबर आला असून पत्नीशेजारी बाहेर बसला आहे. तुमची भावाविरुद्ध काही तक्रार आहे का असे त्याला विचारण्यात आले असता त्याने मान हलवून नाही म्हटले.

पुढच्या आठवड्यात मी दवाखान्यात जाणार आहे. या वेळी गुडघ्यांचे निमित्त नाही.

आणखी एक गोष्ट मी लिहून मागतो. मी पुन्हा कधी या ठाण्यात येऊन माझ्या भावाविरुद्ध चोरीची किंवा दुसरी कसलीही तक्रार सांगू लागलो, तर ती लिहून घेऊ नये. मी मोठ्याने बोलेन, मला पूर्ण खात्री असल्यासारखे बोलेन, रेघांची ओळखही सांगेन. मला बसायला खुर्ची द्यावी व हा जबाब वाचून दाखवावा. अंमलदार बाईंनी विचारले, आणि तुम्ही तरी ऐकलं नाहीत तर बोलवायचं कुणाला, तुमच्या मिसेसना?

मी म्हणालो, तिला जिने चढवत नाहीत. त्यालाच बोलवा. तो येईल.

वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, मी मधे थांबवून दोनदा ऐकला. जे मला आठवते ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिले आहे. जे मला आठवत नाही तेही खरे आहे.

सही